जाळीचं धिरडं

बेबाने तिसरं केळं सोलून पातेल्यात कुस्करलं, त्यावर दूध ओतलं आणि मैद्याच्या गुठळ्या बोटांनी फोडू लागली. शेजारी वाटीत गूळ पाण्यात विरघळत होता. त्यात तिने वेलदोड्याची पूड टाकली, आणि त्या वासासरशी पाच दिवसांत पहिल्यांदा घर घरासारखं वाटलं. त्याचाच तिला राग आला.

"हाई काय मांडं तू?" चुलत सासू भिकुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "सुतकमा गोडधोड?"

"मायनी मांगं. कालपासून तीनदा."

माय म्हणजे बेबाची सासू, नर्मदाबाई. तिला हृदयविकाराचा झटका आला होता, आणि धुळ्याच्या दवाखान्यातून एरंडोलला आणून जेमतेम दहा दिवस झाले होते. जिवाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. अन् सोमवारी मस्कतहून तार आली. तिथल्या हॉटेलात आचाऱ्याच्या हाताखाली काम करणारा तिचा धाकटा मुलगा वाल्मीक, बेबाचा नवरा, मोटारीखाली सापडून गेला होता. त्याची शवपेटी गावी यायला किती दिवस लागतील, ते कोणी धड सांगत नव्हतं.

थोरल्या दिराने, पितांबरने, तार खिशात घातली. भाऊबंदांना सांगितलं, मायला नाही. म्हणून या घरात रडणं नव्हतं. ज्याला रडायचं त्याने मागच्या गोठ्यात जायचं, तोंड धुऊन परत यायचं. जेवण शेजारच्या घरून यायचं, आणि स्टोव्ह बिघडलाय असं मायला सांगायचं. आणि म्हणूनच बेबाच्या कपाळाला कुंकू होतं. रोज सकाळी आरशासमोर बसून ती ते लावायची. हे ढोंग तिला नकोसं झालं होतं. पण एक दिवस ते पुसलं जाईल, हेही तिला नको होतं.

"सुतकमा तवा चढस का कधी?" भिकुबाई हटायला तयार नव्हती.

पितांबर मागून आला. "काकू, हाई तवा नही. विजेचं यंत्र शे."

यंत्र वाल्मीकनेच गेल्या सुट्टीत आणलं होतं. दोन लोखंडी जाळ्या, वहीसारख्या मिटणाऱ्या. तो त्यातल्या पदार्थाला वॉफल म्हणायचा. मायने पहिल्याच सकाळी त्याचं जाळीचं धिरडं करून टाकलं होतं, आणि मग तोही तसंच म्हणायला लागला.

भिकुबाई विचारात पडली. सुतकाचे सगळे नियम तिला तोंडपाठ, पण विजेवर चालणाऱ्या वस्तूचं काय करायचं हे तिला कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली, "पर तेल लावू नको. तूप लाव."

मग तिची नजर बेबाच्या कपाळावर गेली. "अन् हाई कुंकू? पाचवा दिस शे, पितांबर. लोके काय म्हनतीन?"

"मायले कळू दे काकू. मंग."

"कळनं का त्याच घडीले बांगड्या फोडी टाकसूत. मन्हं बी असंच करं व्हतं."

तिच्या बोलण्यात डूख नव्हता. तिच्या बांगड्या बायांनी ओट्यावर दगडाने फोडल्या त्याला वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून गावात कुणाचं कपाळ पुसायचं असलं की पहिला हात तिचाच असायचा. बेबाने मनगटं पदराखाली ओढून घेतली.

पहिलं धिरडं जाळीला चिकटून फाटलं. वाफ थांबल्याशिवाय उघडू नको, असं वाल्मीक तिला दहादा सांगायचा, आणि ती दहाही वेळा घाई करायची. दुसऱ्या वेळी तिने वाट पाहिली. तांबूस, अख्खं निघालं. केळ्याच्या चकत्या मांडून वरून गुळाचं पाणी सोडलं आणि ताटली घेऊन ती पुढच्या खोलीत गेली. पितांबर आणि भिकुबाई मागोमाग आलीच.

नर्मदाबाई उशीला टेकून बसली होती. तिने घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"वाल्मीकनं पत्र ऊनं का?"

"येई माय," पितांबर म्हणाला, भिंतीकडे बघत.

भिकुबाईला ते सोसलं नाही. ती पुढे झाली. "नर्मदा, एक सांगनं शे तुले."

"आत्ते नको भिकू." नर्मदाबाईने छातीवर हात ठेवला. "छातीमा दुखस."

पितांबरने घाबरून भिकुबाईला दंडाला धरून बाहेर नेलं. बेबा गोळी शोधायला वळली, तर सासूने तिचा पदर धरून तिला खाटेवर बसवलं. छातीवरचा हात केव्हाच खाली आला होता.

"दार लाव."

बेबाने दार लोटलं. म्हातारीने दुसरा घास तोंडात घातला, तो पाण्याबरोबर कसाबसा उतरवला.

"तार उनी, तवय मी जागीच व्हती," ती हळू आवाजात म्हणाली.

बेबाने चटकन दाराकडे पाहिलं.

"आवाज करू नको. जोवर माले माहीत नही, तोवर भिकू तुले हात लावणार नही."

"माय... तुम्ही रडल्या बी नहीत."

"रडनू तर सगळास्ले कळी जाई." तिने ओठ दाताखाली दाबला. "पेटी येई तोवर. तेवढंच मन्हा हातमा शे, पोरी."

तिने ताटलीतला तिसरा, शेवटचा तुकडा उचलला. "माले मन्हा वाल्यानं हाई धिरडं एकदा खाई लेवानं व्हतं. कळनं का मंग घशातून उतराव नही." पण तोही उतरेना. बेबाने पेला पुढे केला आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळत राहिली. दोघींनी मिळून तो घास खाली घालवला.

बाहेरून भिकुबाईचा आवाज आला. "बेबा, काय म्हनस म्हातारी?"

बेबाने पदराच्या टोकाने डोळे टिपले, कपाळाला धक्का न लावता.

"आजून एक मांगी ऱ्हायनी," तिने मोठ्याने सांगितलं, आणि रिकामी ताटली घेऊन उठली.