काजाचा धडा

“तसं नाही हो, असं!” शिवणाच्या बाईंनी कापडातली सुई मोबाइलसमोर धरली.

“असं म्हणजे कसं?” नवऱ्याचा आवाज एकदा मोबाइलमधून आला आणि एकदा भिंतीपलीकडून.

बाईंनी टाका उसवला. सकाळपासूनचा हा चौथा. तीस वर्षं त्यांनी मुलींची बोटं हातात धरून काज करायला शिकवलं होतं; तोंडाने सांगायची वेळच कधी आली नव्हती. आता संस्थेने वर्गाची खोली काढून घेतली, वर्ग घरूनच घ्यायचा ठरला आणि मुख्याध्यापिकेने स्पष्टच सांगितलं, “एखाद्या नवशिक्याला मोबाइलवरून काज शिकवून दाखवा. शनिवारपर्यंत रेकॉर्डिंग पाठवा. मध्येच उठून त्याच्याजवळ गेलात तर धडा बाद. नाही जमलं तर वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल.” वर्ग गेला तर उरलेला जन्म भांडी घासण्यात जाणार, हे बाईंना दिसत होतं.

नवशिका शोधायला लांब जावं लागलं नाही. नवऱ्याचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं, सुईदोऱ्याच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. “आता घड्याळं कोण दुरुस्त करून घेतं?” म्हणत त्यांनी वर्षापूर्वी दुकान बंद केलं, तेव्हापासून रिकामेच होते. तरी आज आतल्या खोलीत बसायला त्यांनी किती आढेवेढे घेतले! शेवटी बाईंनीच त्यांचा मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर असा ठेवला, की पडद्यावर फक्त हात दिसावेत.

“नीट सांग गं. तुझ्या मनातलं मला कसं कळणार?”

“चाळीस वर्षांत कळलं नाही, ते आज काय कळणार म्हणा!”

बाईंनी डोळे मिटले आणि आपलीच बोटं काय करतात ते पाहत पाहत सांगायला लागल्या. “सुई काजाच्या चिरेतून खाली घाला. काठापासून थोडं अंतर सोडून वर काढा. सगळी ओढू नका. नेढ्याकडचा दोरा सुईच्या टोकाखालून फिरवा. आता ओढा.”

आपल्याला सांगता येतंय, हे कळून त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे उघडले.

पडद्यावर सुई थरथरत होती. कापडावर नुसतीच इकडेतिकडे टोचत होती. बाईंना वाटलं, मोबाइलच हलतोय. पण टेबलाची कड स्थिर होती. हलत होता तो हात. तेवढ्यात तो झटकन पडद्याबाहेर गेला.

चहा अर्धाच भर, असं ते कधीपासून म्हणायला लागले होते? साखर कमी करताहेत, असं बाईंना वाटलं होतं. सदरे सोडून बिनबटणाचे गोल गळ्याचे शर्ट घालायला लागले, तेव्हा त्यांनी “म्हातारपणी हे काय थेर?” म्हणून चेष्टाही केली होती. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता. त्या पुन्हा खाली बसल्या.

“काहींचा हात थरथरतो,” त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. “त्यांनी मनगट टेबलाला टेकवायचं. सुईचं टोक कापडावर ठेवायचं आणि थांबायचं. घाई नाही. एकासाठी सगळा वर्ग थांबतो.”

बराच वेळ नुसतं टेबल दिसत राहिलं. मग हात परत आला. मनगट टेकलं. सुई खाली गेली, वर आली. दोरा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा टोकाखालून फिरला. टाका वाकडा पडला, पण चिरेच्या काठावर गाठ नीट बसली.

“बाई,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी अशी हाक कधी मारली नव्हती. “दुकान ह्याच्यामुळेच बंद केलं.”

बाईंनी मनगटाने डोळे पुसले.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता दुसरा टाका.”