मेहरबानीचा अर्धा पॉइंट

माणूस बुद्धिबळाच्या पटावर समोर बसवा, दहा चालींत मी त्याचं कूळ सांगतो, असं यतीन सरपोतदार छातीठोकपणे सांगायचा. पाठांतरवाले बारा चाली घोकून येतात आणि तेराव्या चालीला छताकडे बघत बसतात. सापळेवाले एकच सापळा घेऊन आयुष्यभर फिरतात. घड्याळवाले पटाशी खेळतच नाहीत, समोरच्याच्या उरलेल्या मिनिटांशी खेळतात. आणि रडके कधी हरतच नाहीत, त्यांना नेमकी त्या दिवशी सर्दी झालेली असते. सोसायटीत फ्लॅट वाटावेत तसा यतीनने प्रत्येक कुळाला रेटिंगचा एकेक मजला नेमून दिला होता. सर्वांत वरच्या मजल्यावर तो स्वतः राहायचा. रेटिंग, दोन हजार तीन.

हे दोन हजार तीन त्याने पुण्यात असताना घाम गाळून मिळवलं होतं, ते खोटं नव्हे. पण नोकरीसाठी गाझियाबादला आल्यापासून तो रेटिंगची एकही स्पर्धा खेळला नव्हता. न खेळणाऱ्याचं रेटिंग घसरत नाही, ही या खेळातली मोठी सोय आहे. बरणीचं झाकण उघडलंच नाही तर लोणच्याला बुरशी धरायची कशी? कोणी विचारलं तर म्हणायचा, "ऑफिसमधून वेळ कुठे मिळतो यार!" मोबाइलवर टोपणनावाने खेळायला मात्र रोज वेळ मिळायचा, आणि तिथे हरला की घरात सुतक. जेवताना शब्द नाही, टीव्ही बंद, दारं आपटून लावायची. बायको साधना मुलीकडे बघून नुसत्या भुवया उंचवायची, "चहा विचारू का?" मुलगी मान हलवायची, आत्ता नको.

ही मुलगी म्हणजे मैत्रेयी. वय पंधरा, जन्म गाझियाबादच्या इंदिरापुरमचा, मराठी घरापुरतं. बाबाने एकदा स्वतःला मुरब्बी खेळाडू म्हटलं तेव्हा तिने निरागसपणे विचारलं होतं, "म्हणजे मुरब्ब्यासारखा?" साधना हसून हसून बेजार झाली होती. यतीन हसला नव्हता.

मैत्रेयीचं रेटिंग जेमतेम चौदाशे. पण तिचे कोच सिद्धांत सर यतीनला भेटले की सांगायचे, "अंकल, इसका खेल आगे निकल गया है, रेटिंग पीछे-पीछे आ रही है." यतीनला हे पटायचं नाही. आकडा खोटं बोलत नाही, असं तो घरी येऊन म्हणायचा. सगळ्या कोचना पालकांना खूश ठेवायचं असतं. मुलीला त्याने पहिला धडा दिला होता तोही आकड्याचाच. पटावर बसण्याआधी समोरच्याचं रेटिंग बघायचं. मोठा ड्रॉ देत असेल तर हात पुढे करायचा, लहान मागत असेल तर ऐकू न आल्यासारखं करायचं.

जानेवारीत गाझियाबादमधल्याच एका शाळेत रेटिंगची खुली स्पर्धा ठरली. सतरा वर्षांखालच्या मुलींत ज्या दोघी पुढे राहतील, त्या जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धेला जाणार होत्या. मैत्रेयी दोन वर्षं याच संघासाठी धडपडत होती. पहिल्या वर्षी ताप आला, दुसऱ्या वर्षी एका पॉइंटने हुकलं, आणि पुढच्या वर्षी अकरावी-बारावीच्या क्लासमुळे खेळ बंदच होणार हे घरात ठरून गेलं होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते यंदाच.

"बाबा, तू पण खेळ ना," तिने विचारलं. "आपण दोघं. प्लीज."

तिने इतक्या हौसेने कधी काही मागितलं नव्हतं. सिद्धांत सरांसमोर मागितलं, हीच पंचाईत. नाही म्हणणार कसं? यतीनने बरणीचं झाकण उघडलं.

शेवटच्या फेरीचा रविवार आणि मराठी मंडळाची पानिपतची सहल एकाच दिवशी आली. मंडळ दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातं, फुलं वाहतं आणि येताना ब्लँकेटं घेऊन येतं. साधना पहाटे धुक्यात निघाली.

"तुम्ही हरलेली लढाई आठवायला चाललात," यतीन म्हणाला, "आम्ही जिंकायला."

"दोघंही जिंका म्हणजे झालं," ती म्हणाली आणि दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवून गेली.

आतापर्यंत यतीन फार जपून खेळला होता. दुबळ्यांना हरवलं, तगड्यांशी पंधरा चालींत ड्रॉ करून तो चहाला निघून जायचा. मनातल्या मनात हिशेब चालूच. दोन हजार तीनवर सात-आठ चढले होते. मैत्रेयी मात्र मोठमोठ्यांना भिडली होती, दोघांना तिने लोळवलंही होतं. त्यामुळे शेवटच्या फेरीआधी बापलेकींचे पॉइंट सारखे झाले, आणि भिंतीवरच्या कागदावर नावं लागली ती समोरासमोर. सरपोतदार विरुद्ध सरपोतदार.

यतीन तडक पंचांकडे गेला. द्वारका प्रसाद नावाचे शांत गृहस्थ होते. "भाईसाहब, जोड़ी कंप्यूटर बनाता है, हम नहीं," ते म्हणाले. "और बेटी से क्या डरना?"

गणित अगदी सरळ होतं. संघात जायला मैत्रेयीला विजय हवा होता. ड्रॉ होऊन अर्धाच पॉइंट मिळाला आणि क्षिप्रा त्यागी नावाची मुलगी तिचा डाव जिंकली, तर संघातली उरलेली जागा क्षिप्राला जाणार. यतीनला बक्षीस मिळण्याची काही आशा नव्हती. त्याला फक्त आपला आकडा सांभाळायचा होता. तिच्यासारख्या चौदाशेवालीशी ड्रॉ झाला तर आठ-नऊ जातील, म्हणजे दोन हजारांवर कसाबसा तगेल. हरला तर मजला खाली.

डब्यातले पराठे खाताना त्याने तोफ डागली. "हे बघ, मी तुला सोडणार नाही हं. मुद्दाम हरणं म्हणजे खेळाचा अपमान. मेहरबानीचा पॉइंट तुलाही नको असेल."

"बिल्कुल नको," मैत्रेयी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. बाबा आपल्याला खरा प्रतिस्पर्धी मानतोय, याचा तिला केवढा अभिमान वाटला! बिचारी.

डाव सुरू झाला. यतीनने पहिल्या दहा चालींत तिचं कूळ ठरवून टाकलं, पाठांतरवाली. तेराव्या चालीला अडेल म्हणून वाट बघत बसला. तेरावी चाल आली, ती अडली नाही. पंधराव्या चालीला तिने एक घोडा असा मागे नेला की त्याला हसू आलं. विसाव्या चालीपर्यंत त्याच घोड्याने त्याचा उंट कोपऱ्यात कोंडला, आणि हसू गेलं. मग वजीर कापले गेले, हत्ती उरले, आणि तिचं एक प्यादं कडेकडेने सुटलं ते सुटलंच. आता त्याला वजीर व्हायला दोन घरं बाकी होती. मागे तिचा हत्ती राखणीला उभा, आणि यतीनचा राजा पार दुसऱ्या टोकाला अडकलेला.

यतीनने पटाकडे बघितलं. ही मुलगी कुठल्याच कुळातली नव्हती. नुसतं पटावर जे होतं ते ती बघत होती आणि खेळत होती. आपण असे कधी खेळलो होतो, ते त्याला आठवेना. इथे अभिमान वाटायला हवा होता ना? त्याला वाटली ती फक्त भीती. ऑफिसमधला साकेत काय म्हणेल, सिद्धांत सर कसे हसतील, नव्या यादीत नावापुढे एकोणीसशे कसं दिसेल.

त्याने राजा एक घर सरकवला. आणि घड्याळाचं बटण दाबता दाबता तो हळूच म्हणाला,

"ड्रॉ?"

मैत्रेयीने मान वर केली. प्याद्याकडे नाही, हत्तीकडे नाही, तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ बघत राहिली. तिच्या घड्याळात भरपूर वेळ होता. यतीनने नजर पटावर खिळवून ठेवली होती. मग तिचा हात त्याच्यासमोर आला. त्याने तो घाईघाईने धरला.

पलीकडच्या टेबलावर क्षिप्रा त्यागी जिंकली. तिची आई तिला कवटाळून रडत होती. मैत्रेयीने जाऊन क्षिप्राचं अभिनंदन केलं, निकालाच्या कागदावर सह्या केल्या, सोंगट्या नीट पेटीत भरल्या. सिद्धांत सर डोक्याला हात लावून विचारत होते, "ये जीती हुई थी, बेटा! दिखा नहीं तुझे?" ती म्हणाली, "नहीं दिखा, सर."

परतताना गाडीतून धुक्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. यतीनने घसा खाकरला.

"तुझी चूक नाही. मोठ्या रेटिंगवाल्याने ड्रॉ दिला की घ्यावा. मीच शिकवलंय."

"मला दिसत होतं, बाबा. दोन चालींत वजीर होता."

"मग घेतलास कशाला?" तो जवळजवळ ओरडलाच. "मी काय जबरदस्ती केली होती?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तू हरल्यावर घरी कसा असतोस, ते मला माहीत आहे. आईपण आज दमून येणार."

मेहरबानी हा शब्द यतीनच्या जिभेवर आला आणि तिथेच त्याला कडू लागला, कारण पराठे खाताना तो त्यानेच वापरला होता.

साधना रात्री ब्लँकेट घेऊन आली. कोण जिंकलं, तिने दारातच विचारलं. "ड्रॉ," दोघं एकदम म्हणाले. ती म्हणाली, वा, छान, भांडण नको. मग तिला मुलीचा चेहरा दिसला.

पुढच्या महिन्यात नवी यादी लागली. दोन हजार दोन. यतीनने ती एकदा बघितली आणि मोबाइल पालथा ठेवला. अभिनंदन करायला कोणाचाही फोन आला नाही, आणि आला असता तर तो उचलायचा कसा, तेही त्याला कळत नव्हतं. त्या रविवारी सकाळी त्याने बाल्कनीत उन्हात पट मांडला, पांढऱ्या सोंगट्या तिच्या बाजूला ठेवल्या आणि तिला हाक मारली. आज हरायचं, त्याने ठरवलं होतं. चांगलं सणसणीत हरायचं, आणि नंतर तिघांसाठी चहा करायचा.

मैत्रेयी आली. समोर बसली. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि लगेच हात पुढे केला.

"ड्रॉ, बाबा?"

"अगं, खेळ तरी," तो म्हणाला. "खेळ ना. प्लीज."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आजारी माणसाला औषध पाजताना बोलतात तशी ती मऊपणे म्हणाली, "तू घे ना ड्रॉ, बाबा." आणि त्याने हात हातात घेईपर्यंत तिने तो तसाच पुढे धरून ठेवला.