स्वयंपाकघरातली फरशी

“गुडघा अजून वर घ्या. बस? एवढाच?” डॉक्टरांनी विचारलं.

“एवढाच,” मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. खुब्याचा नवा सांधा चोख बसला होता. पण त्याच्याभोवती, जिथे नुसतं मांस असायचं, तिथे हाडाचे पांढरे थर चढले होते.

“ऑपरेशननंतर कधीकधी असं नको तिथे हाड वाढतं. ते वाढू नये म्हणून तर गोळ्या दिल्या होत्या. घेतल्या ना सगळ्या?”

गोळ्या दुखण्यावरच्या आहेत, अशीच मिस्त्रीची समजूत होती. आणि दुखणं तर लवकरच थांबलं होतं. घरात बायको मात्र गुडघा धरून भिंतीच्या आधाराने चालायची. मग उरलेल्या सगळ्या त्याने तिला दिल्या. चांगलं औषध वाया कशाला घालवायचं? जन्मभर तुटक्या फरशीचा तुकडाही जपून ठेवणाऱ्या माणसाचं शहाणपण ते!

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर ती बसली होती.

“घेतल्या,” तो म्हणाला.

“मग काय करणार! काहींना तरीही होतं. पुढे वाढ थांबली की बघू, पण खात्री देत नाही. उकिडवं बसणं आता विसरा.”

फरशी बसवणाऱ्याने उकिडवं बसणं विसरायचं! मिस्त्रीच्या हातची फरशी कधी पोकळ वाजली नव्हती. दुसऱ्या कुणाची वाजली तर तो मालकासमोर उखडायला लावायचा. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र दिव्याखाली अंधार. पाय बरा झाला की पहिलं काम तिथलं, असा त्याने बायकोला शब्द दिला होता. फरश्या दारामागे रचून ठेवलेल्या होत्या.

“काय म्हणाले?” तिने वाटेत विचारलं.

“म्हणाले, अजून वाढ चालू आहे. या वयात!”

ती हसली नाही. मग त्याने खरं काय ते सांगितलं. गोळ्यांचं तेवढं सोडून.

“असू दे,” ती म्हणाली. “तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, मी बसवते. तुमच्या त्या गोळ्यांपासून माझा गुडघा बघा कसा वाकतोय. आणखी मागून घ्यायच्या होत्या हो.”

“आता नाही मिळत त्या.”

सुट्टीच्या दिवशी त्याने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली. ती कशाचाही आधार न घेता उकिडवी बसली. ते बघून त्याला बरं वाटलं आणि रडूही आलं.

“सिमेंटचा माल एकसारखा पसर. हं, ठेव आता. डावा कोपरा दाब. हातोडी हळू मार.”

तिने ठोकलं. खालून पोकळ आवाज आला.

“कशी वाजली हो?” तिने मान वर करून विचारलं.

“भरीव,” मिस्त्री म्हणाला. “दुसरी घे.”