दोघींना एकच माप

लॉन्ड्रीवाल्या दोघी बहिणींना गिऱ्हाइकं पाठीमागे 'दोन पिंपं' म्हणत, आणि दोघींना ते ठाऊक होतं. मग दोघींनी एकाच आठवड्यात वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठर मुठीएवढं उरलं. स्वयंपाक थोरलीकडे. ती सगळं काट्यावर तोलून दोन्ही ताटल्यांत सारखं वाढायची: अंडं, डाळ, दही. तुझं तेच माझं, असं ठरलेलंच होतं. वर्षभर दोघी बरोबरीने उतरल्या, एकमेकींच्या ढगळ कपड्यांना टाचण्या लावताना हसून हसून बेजार झाल्या.

पुढे मात्र वाटा फुटल्या. थोरली काउंटरवर बसून पावत्या फाडायची. दोघींना ठरवून दिलेल्या बाराशे कॅलरींवर तिचं वजन थांबलं, उलट जरा वरच सरकू लागलं. धाकटी दिवसभर वाफेत, इस्त्रीच्या टेबलाशी उभी. तिचं वजन उतरतच राहिलं. गालफडं बसली, केस मुठीमुठीने गळायला लागले.

"ताई, हिला पंख्याखाली उभी करू नका, उडून जाईल!" कपडे न्यायला येणारे ड्रायव्हरकाका म्हणायचे. "तुमचं मात्र बेस चाललंय हं."

बेस! तेवढा एक शब्द थोरलीला दिवसभर टोचत राहायचा.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंचा फोन आला तेव्हा धाकटी आत इस्त्री करत होती.

"आता उतरणं पुरे," बाई म्हणाल्या. "उतरताना दोघींना एकच आकडा चालून गेला. थांबायचा आकडा जिचा तिला शोधावा लागतो. तुम्ही बाराशेच ठेवा. बहिणीला हळूहळू अठराशेपर्यंत न्या, दर आठवड्याला वजन बघत. थोडं थोडं, पण जास्त वेळा. सांगाल ना?"

"सांगते की."

सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. ताटल्या भरायला घेतल्या की मनात यायचं, हिने माझ्यापुढे बसून दीडपट खायचं, वर बारीकही राहायचं, आणि मी काय ताटली चाटत बसू? हात पुन्हा सारखंच वाढायचा.

"चक्कर येते गं हल्ली," धाकटी एकदा म्हणाली.

"वाफेनं होत असेल," थोरली म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.

एके दुपारी धाकटी इस्त्रीसकट कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलेलंच नाही, जखम भरणार कशाच्या जिवावर? आणखी वजन उतरलं तर नळीने भरवावं लागेल.

घरी आल्यावर थोरलीने तिची ताटली भरली.

"एवढं?" धाकटीने विचारलं. "आणि तुझं?"

"माझं नेहमीचं."

"मग मलाही नेहमीचंच. तू उपाशी बसणार आणि मी हादडणार होय? इथवर दोघी मिळून आलो ना?" आणि डाव्या हाताने तिने अर्धी डाळ थोरलीच्या ताटलीत लोटली.

ती माया थोरलीला सोसवेना.

"बाईंनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुला अठराशे. महिना होत आला. फोन मी घेतला होता."

"विसरलीस?" धाकटीने इतक्या आशेने विचारलं, की हो म्हणून मोकळं व्हावं.

"नाही."

धाकटी बँडेजकडे बघत राहिली. "मला वाटायचं, माझंच आत काहीतरी सडलंय. मरणार मी. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

धाकटीने थोरलीच्या ताटलीतली ती डाळ चमच्याने परत ओढून घेतली आणि खाऊ लागली. सावकाश, चावून चावून, औषध घेतल्यासारखी. चार घासांतच पोट भरलं.

"उरलेलं तासाभराने खाईन," ती म्हणाली. "उद्यापासून माझं मी वाढून घेईन."

"या हाताने?"

"या हाताने. आणि तू बाहेर बस, ताई. तू बघत असलीस की घास गिळवत नाही मला."