आत्तापुरता घेतलेला प्रोसेसर

मी एक जुना प्रोसेसर आहे, मित्रांनो, आणि आता मला फार बोलवत नाही. कॉम्प्युटरच्या पोटात बसून जो सगळी आकडेमोड करतो, तो मी. पडद्यावर चित्र उमटले की लोक पडद्याचे कौतुक करतात, गाणे वाजले की स्पीकरचे. काम रखडले की मात्र सर्वांना माझी आठवण येते. सध्या माझा मुक्काम एका पत्र्याच्या डब्यात आहे. शेजारी होडीच्या इंजिनाचे वॉशर आणि बोल्ट आहेत. ते गप्प असतात, हे त्यांचे उपकारच.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. एकाच चकतीतून आम्ही कितीतरी भावंडे कापली गेलो. तपासणीत माझ्या सहा खोल्यांपैकी, म्हणजे कोअरपैकी, दोन कच्च्या निघाल्या. त्या कायमच्या बंद करून उरलेल्या चारांवर मला स्वस्तातल्या मालात ढकलले. थोरली भावंडे चकचकीत खोक्यांतून मिरवत गेली. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण चारच का होईना, माझ्या खोल्या खणखणीत होत्या.

पनवेलच्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात होतो. एके दुपारी उरणजवळच्या कोळीवाड्यातून तिघेजण आले. हेतल, तिचा थोरला भाऊ हितेश आणि त्यांची आई वेणूबाई. हेतल बोटींचे नकाशे काढायला शिकत होती. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर नंबर लागता लागत नसे, म्हणून सुटे भाग आणून घरीच एक जोडायचा असे तिने ठरवले होते. हितेश बंदरावर ट्रेलर चालवत असे. बापाच्या होडीवर तो कधी रमलाच नाही. तिथल्याच एका ऑफिसात त्याने बहिणीसाठी शब्द टाकून ठेवला होता. नकाशांची परीक्षा पास झाली नाही, तर हेतलने मुकाट्याने त्या ऑफिसात बसायचे, अशी दोघांत बोली झाली होती. हेतलला ऑफिस नको होते. तिला बोटी बांधणाऱ्या कारखान्यात जायचे होते.

हितेशची नजर काचेतल्या बड्या प्रोसेसरवर होती. "घ्यायचा तर टॉपचा घे ना," तो म्हणाला. "हा काय घेऊन बसलीस?"

"दादा, त्याला ग्राफिक्स कार्ड वेगळं लागतं, पंखाही मोठा लागतो. ह्याच्या पोटातच चित्राची सोय आहे. बोर्ड असा घेते की पुढं मोठा प्रोसेसर त्याच्यावरच बसेल. आत्तापुरता हा चालेल."

झाले, माझे नाव पडले. आत्तापुरता.

वेणूबाईंचा सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला. कुठलाही जिन्नस उलटापालटा केल्याशिवाय त्या घेत नसत. त्यांनी मला उचलले, पालथे केले आणि माझ्या पोटाखालच्या बारीक पिनांच्या रांगा पाहिल्या.

"काटं लय हायेत याला," त्या म्हणाल्या. दुकानदाराला हसू आले. "हसतोस काय? काट्याची मासली गोड असते. घे बाय, हाच घे."

इतक्या आदराने माझी पारख पुन्हा कोणी केली नाही.

हेतलने मला स्वतःच्या हाताने बोर्डावर बसवले, माझ्या पाठीवर पांढऱ्या लेपाचा एक थेंब टाकला आणि वर पंखा कसला. तिचे वडील शिवदास दारात उभे राहून पाहत होते. होडी हाकणारे तांडेल ते, इंजिनाखेरीज कुठल्या यंत्राशी त्यांची ओळख नव्हती. "याला ग्रीस कदी लावायचा?" त्यांनी विचारले. "लावलं की आत्ताच, पांढरं ग्रीस," हेतल हसून म्हणाली. खरे तर तो लेप अंगातली उष्णता पंख्याकडे पोहोचवण्यासाठी असतो. एवढे समजावून सांगायला तिला सवड नव्हती. तिच्या हसण्याचे भोग पुढे मला भोगावे लागले.

मग माझा राबता सुरू झाला. बोटीचा सांगाडा, फळ्यांची वळणे, सगळे माझ्या चार खोल्यांतून जायचे. हेतल एक रेघ वळवायची आणि मला हजार हिशेब नव्याने मांडावे लागायचे. अंग तापायचे. घराला खारी हवा, दमट भिंती. मी रात्रंदिवस राबलो तरी ती कौतुकाने म्हणायची ते हेच, "चल रे आत्तापुरत्या." तो शब्द मला टोचायचा. भाड्याच्या घरात माणूस खिळा ठोकायला कचरतो ना, तसे माझे झाले होते.

शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने एका खऱ्या बोटीचा पूर्ण नकाशा काढायचा होता. हेतलने वडिलांचीच होडी निवडली. पावसाळी बंदीमुळे मासेमारी थांबली होती, होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या. टेप घेऊन तिने होडीचे अंग अन् अंग मोजले. नकाशा निम्म्यावर आला असताना तिला लग्नासाठी आगरदांड्याला मावशीकडे जावे लागले. जाताना तिने मशीनवर आईच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा घातला. "बाबा, खिडकी उघडी टाकू नका. बंद मशीनला खारी हवा लवकर खाते," असे सांगून ती गेली.

आता किनाऱ्यावरच्या माणसाला असे सांगितल्यावर तो गप्प कसा बसेल? बंदीच्या दिवसांत इंजिन उतरवायचे आणि सांधा अन् सांधा ग्रीसने भरायचा, ही तिथली रीत. शिवदासांचे हात रिकामे होते. इंजिन झाले, दाराचे कुलूप झाले, वेणूबाईंच्या तागडीच्या साखळ्या झाल्या, शेजारणीचे शिवणयंत्रही झाले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

त्यांनी स्क्रू काढून पंखा वर ओढला. लेप सुकलेला असल्याने मी पंख्यालाच चिकटून उपसून आलो, खडकावरून कालव निघावे तसा. "वालून गेलाय बिचारा," ते म्हणाले. त्यांनी तो पांढरा लेप खरवडला आणि होडीच्या इंजिनाचे पिवळे ग्रीस माझ्या पाठीला फासले. पोटाखालच्या काट्यांतही बोटाने भरले. मग अंगठ्याने दाबून मला जागेवर बसवले. माझे काही काटे वाकले. मित्रांनो, इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता, आणि इतके हालही कोणी केले नव्हते.

हेतल परतली तेव्हा नकाशा पाठवायची मुदत जवळ आली होती. तिने बटण दाबले. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. नकाशा डिस्कमध्ये सुखरूप होता, पण पुरा करायचा कशावर? कॉलेजला सुट्टी लागली होती. तिने पेटी उघडली, मला उचलले आणि बोटांना लागलेले ग्रीस पाहत राहिली.

"बाबा, हे कोणी केलं?"

शिवदास ओट्यावर जाळे विणत बसले होते. "मी. तूच बोललीस ना, ग्रीस लावलाय म्हनून. मना वाटला, वालला असंल. खारा वारा खाईल त्याला."

"विचारायचं तरी होतं ना बाबा," ती म्हणाली आणि तिथेच बसून रडू लागली.

हितेश दारात होता. त्याचा आवाज हळू झाला. "जाऊ दे, हेतल. ऑफिसात कळवू का?"

शिवदासांनी जाळे बाजूला टाकले. "तिकडं न्हाय पाठवायची तिला. पोरगा होडीवर ऱ्हायला न्हाय, मी काय बोललो न्हाय. पोरगी तरी होडीजवल ऱ्हाऊ दे."

हितेश गाडी काढून गेला आणि मोबाइलच्या दुकानातून साफ करायचे स्पिरिट आणि त्या पांढऱ्या लेपाची ट्यूब घेऊन आला. हेतलने मऊ ब्रशने मला पुसून काढले. काटे सरळ करायला तिने ब्लेडचे पाते हातात धरले, पण मला धरायला तिसरा हात हवा होता. तेव्हा शिवदासांनी मला दोन बोटांच्या चिमटीत धरले. हलत्या होडीत उभे राहायची सवय असलेला तो हात, जराही ढळला नाही. ती एकेक काटा सरळ करत गेली आणि वेणूबाई बॅटरी धरून उभ्या राहिल्या. एक काटा तुटला. हेतलने पात्याने पुढचा काटा गाठला.

पडदा उजळला. मी जगलो, पण अधू झालो. मेमरीची एक बाजू माझ्याशी बोलेनाशी झाली. पूर्वी झटक्यात होणारे काम आता कुथत कुथत व्हायचे. हेतल रेघ वळवून थांबायची आणि मी धापा टाकत तिच्या मागून यायचो. शिवदास शेजारी बसून पुठ्ठ्याने पेटीला वारा घालत. "दमलाय तो," ते म्हणत. माझ्या दमण्याची दखल घेणारे ते पहिलेच. जळून गेलो तरी चालेल, पण ही होडी पुरी करायची, असे तेव्हा मी मनाशी ठरवले.

नकाशा वेळेत गेला. हेतल पास झाली, बोटींच्या कारखान्यात लागली. त्यानंतर खोक्यातून तो थोरला प्रोसेसर आला, ज्याची जागा मी इतकी वर्षे राखली होती. "हा पंगू आता फेकून दे," हितेश म्हणाला. शिवदासांनी मला त्याच्या हातातून घेतले. ग्रीसचा डबा जवळच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"बाय, याला काय लावू?" त्यांनी विचारले.

"काही नको बाबा. कोरडा ठेवा."

ओल शोषून घ्यायला त्यांनी मूठभर सुक्या तांदळांबरोबर मला फडक्यात बांधले आणि होडीच्या सुट्या भागांच्या डब्यात ठेवले.

मित्रांनो, माया जरूर करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय सोसते, ते आधी विचारा. विचारण्याने माया कमी होत नाही. आणि राबणाऱ्याला तोंडावर आत्तापुरता म्हणू नका. त्याला ऐकू येते.

नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात गेली, तिच्याबरोबर डबाही गेला. भर समुद्रात मोरू खलाशी बोल्ट शोधत होता, त्याच्या हाताला माझे फडके लागले. "तांडेल, हा इंजिनाला चालतो काय?"

"न्हाय."

"मग ठेवलाय कशाला?"

शिवदास सुकाण धरून होते. "ही सगली होडी एकदा याच्या पोटात मावली व्हती," ते म्हणाले. "आता तो होडीच्या पोटात ऱ्हाईल."

मोरूने फडके पुन्हा नीट बांधून मला जागेवर ठेवले.