एका झटक्यात

तू फक्त ऐक, मधात बोलू नको. उकंडाच्या हातातला माइक कुईकुई करून राह्यलता अन् हा त्याच्यावर टिचक्या मारत उभा. नाईकाच्या ओट्यापुढं अख्खा बंजारा तांडा दारूबंदीच्या सभेले बसलेला, दिग्रसपासून आठ किलोमीटर, अन् एकाचंही ध्यान उकंडाकडं नाही. सारे पाहून राह्यलते खेमसिंगकडं, का हा कधी उठते.

आता उकंडा कोण, तं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा माणूस. दारू सोडून सहा वर्षं झालती. त्या सालांत कापसाले भाव नव्हता, माणसं सकाळपासूनच प्यायले बसत, अन् गावोगाव जाऊन 'मी कशी सोडली' सांगणारा आख्ख्या तालुक्यात हा एकटाच. लोकं त्याले खुर्ची देत. मंग आला खेमसिंग, दारू सुटून दहा महिने झालेला. दहा महिने म्हणजे काय, उकंडाच्या मतानं तं अजून तोंडाचा वासही गेला नव्हता. पण तो तांड्याच्या गोर बोलीत सुरू झाला, का पिऊन आलो की बायको दार उघडे नाही, मंग मी बकऱ्याइत निजो, तं बाया पदर तोंडाले लावून हासत, अन् त्याच बाया मंग डोळे पुसत.

"रोज तेच बकऱ्याइचं," उकंडानं एकदा टोचलं. "दुसरं काही येत नाही काय बे तुले?"

"मले तेवढंच येते, भाऊ."

त्या दिवशी उकंडा ठरवूनच आलता. घरी आरशापुढं बोलून पाह्यलं, तं बायको मैनाबाई म्हणे, "डाक्टर झाले काय?" माइक लागला अन् हा सुटला. लिव्हर कसं सडते, मेंदूत काय होते, कितीक टक्के माणसं मरते. काही ऐकलेलं, काही तिथंच बनवलेलं. लोकं पाहू लागले. मंग त्याच्या आंगातच आलं, त्यानं हात वर केला.

"मी एका झटक्यात सोडली. तुम्ही बी आज घरी जा अन् एका झटक्यात बंद करा. काही होत नाही."

टाळ्या पडल्या, खेमसिंगले पडत त्याच्याहून जास्त. एका खेमसिंगनंच तेवढी टाळी वाजवली नाही. जळला, असं उकंडाले वाटलं, अन् शीळ घालतच तो घरी गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या फाटकावर तांड्यातली रुपीबाई उभी. संगं खेमसिंग.

"भाऊ, माह्या पोरानं, धावजीनं, तुमचं ऐकलं," ती म्हणे. "तवापासून थेंब नाही घेतला. पण हात थरथर कापून राह्यले. गोधडीवर मुंग्या हाय म्हणते, झटकतच बसला. आज सकाळी डोळे फिरवले, दातखीळ बसली. झटका आला म्हणतात लोकं. तुम्हाले बी असंच झालतं नं? काही होत नाही नं?"

उकंडा बाहीले चिकटलेला कापूस वेचत राह्यला. खरं सांगू काय तुले, त्यानं एका झटक्यात सोडलीच नव्हती. त्याले यवतमाळले दवाखान्यात नऊ दिवस खाटेले बांधून ठेवलं होतं, सलाइन लावून, सुया देऊन. मैनाबाई सोडून कोणाले माहीत नव्हतं. अन् ज्याच्यापुढं सांगाची सगळ्यात जास्त लाज, तोच बाजूले उभा.

"दवाखान्यात न्या," तो म्हणला. "आत्ताच न्या. मले बी नेलतं."

खेमसिंग जीप आणाले पळाला.

धावजी वाचला. महिन्याभरानं त्याच ओट्यापुढं पुन्हा सभा भरली. धावजी पहिल्या रांगेत, वाळलेला पण शुद्धीवर. रुपीबाईच्या हातात झेंडूचा हार, अन् तो उकंडासाठी. तांडाभर एकच गोष्ट झालती, का उकंडाभाऊच्या भाषणानं धावजीची सुटली. खेमसिंगनं उकंडाच्या दवाखान्याचं कोणाले काहीच सांगतलं नव्हतं, अन् हेच उकंडाले जास्त झोंबून राह्यलतं.

त्यानं माइक घेतला.

"मी एका झटक्यात नाही सोडली. खोटं बोललो. दवाखान्यात नऊ दिवस बांधून होतो, खाटेवरच सारं होये. धावजी माह्यामुळं मरत होता. ज्याले सकाळीच लागते, त्यानं आधी डाक्टरले दाखवा, मंग सोडा. बाकीचं मले माहीत नाही."

बस, एवढंच. कोणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारा तोंडातला तंबाखूचा खर्रा थुकाले उठला. रुपीबाई हार घेऊन तशीच उभी, तिले समजूनच नाही राह्यलं का आता काय करा. मंग खेमसिंग उठला, गोर बोलीत बोलत गेला. आधी बाया हासल्या, मंग रडल्या, धावजी तं हुंदके देऊन रडला, अन् रुपीबाईनं हार खेमसिंगच्या गळ्यात घातला.

तो येऊन उकंडाजवळ बसला. झेंडूचा वास पार नाकात.

"आज काय सांगतलं?" उकंडानं विचारलं, त्याले गोर बोली तुटकीच समजे.

"तुमचे नऊ दिवस. आमच्या बोलीत," खेमसिंग म्हणला. "बुधवारी पलीकडच्या तांड्यात हाय. चला संगं. तुम्ही सांगा, मी मंग सांगतो."

आता बोल. तू असता तं गेला असता काय?