उंबऱ्याबाहेरची घोंगडी

"मामा, आत या की. इथं सोफ्यावर बसा," अपेक्षा पुन्हा एकदा म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या ताई, हितं बरं हाय. वारं लागतंय," असं म्हणून भिमाने खांद्यावरची घोंगडी काढली आणि उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर अंथरली.

वारं कसलं आणि काय! मार्च महिन्यातली रविवारची दुपार. अंगणातल्या शेवग्याचं पानही हलत नव्हतं. पण धनगराला उंबऱ्याबाहेर बसायला कारण लागत नाही, आत बसायला लागतं. शिवाय त्याची बैठक त्याच्या खांद्यावरच असते. जिथं जाईल तिथं ती अंथरायची, बसायचं, उठताना झटकून पुन्हा खांद्यावर टाकायची. त्यामुळे झालंय असं, की त्याला बसायला काही द्यावं हे कुणाला आठवतच नाही. त्यात कुणाचा वाईट हेतू असतो असंही नाही. सोय झाली की माणूस विचार करायचं सोडून देतो, एवढंच.

खुटबावच्या हौसरावांच्या दारात भिमा वर्षानुवर्षं येत होता. ऊस तुटून रान मोकळं झालं की हौसरावांचा निरोप यायचा. मग भिमा शिरूरच्या बाजूने नदी ओलांडून मेंढ्या घेऊन यायचा आणि त्यांच्या रानात जाळी लावून रात्रीच्या मेंढ्या बसवायचा. मेंढ्यांच्या लेंड्यांनी रान सुधारायचं, भिमाला धान्य मिळायचं. हौसराव माणूस चांगला. शब्दाला पक्का, हाताचा सढळ. लोकांनी सोसायटीवर त्यांना उगीच नाही निवडून दिलं. भिमाचा शंभू रांजणगावच्या कंपनीत लागला तेव्हा हौसरावांनी पेढे मागून खाल्ले होते.

त्याच कंपनीत हौसरावांची अपेक्षाही होती. तो मशिनवर, ती तपासणीच्या खात्यात. पुढचं भिमाला शंभूने गेल्या दिवाळीत सांगितलं आणि तेव्हापासून भिमाला रात्रीची धड झोप नव्हती.

"आबा, तुमी फकस्त जाऊन बसा," काल फोनवर शंभू म्हणाला होता. "एक जुना इंग्लिश पिक्चर हाय, हिंदीत केल्याला. अपेक्षा घरात समद्यांना दाखवनार हाय. तिचे पप्पा पिक्चर बघताना लई हळवे व्हत्यात म्हनं. पिक्चर संपला की ती बोलनार. तवा आपल्याकडचं कुनीतरी तिथं पायजे."

"आन् त्यांनी कुऱ्हाड काढली तर?"

"कुऱ्हाड कशाला काढत्याल आबा? तुमच्या शेजारी बसून च्या पित्यात ना?"

शेजारी नाही रे बाबा, समोर, असं भिमाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढ्या बारीक गोष्टी पोरांना सांगून त्यांचं अवसान कशाला घालवा? त्याने धुतलेलं धोतर नेसलं, लग्नातला सदरा घातला आणि मेंढ्या भाच्याच्या हवाली करून तो आला. आता तो घोंगडीवर मांडी घालून बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की टीव्ही दाराच्याच भिंतीवर आहे. उंबऱ्याबाहेरून दिसत होती ती टीव्हीची नुसती काळी कड. समोर मात्र बघणारी सगळी माणसं ओळीने दिसत होती.

सोफ्यावर मधोमध हौसराव. त्यांच्या शेजारी सोसायटीतले त्यांचे मित्र विनोद, जे रविवारी जेवायलाच असतात. खाली मटार सोलत सीमावहिनी. पलंगावर उशीला टेकून हौसरावांच्या आई, विठाबाई. आणि कोपऱ्यात, हातातला रिमोट घामाने ओला झालेली अपेक्षा.

पिक्चर सुरू झाला. गोरी माणसं हिंदीत बोलू लागली.

"आगं बया, केवढं रान!" विठाबाई म्हणाल्या. "एकट्याचंच हाय व्हय?"

"एकट्याचंच. नजर पोचत न्हाई तिथवर गहू," विनोद म्हणाले. "पर पाणी कुठनं आणलं आसंल यानं? कॅनॉल तर दिसंना."

"तू पिक्चर बघ ना गप," हौसराव म्हणाले.

भिमाला गहू दिसला नाही की रान. त्याला दिसत होतं हौसरावांचं तोंड. सगळा पिक्चर तो त्या तोंडावर बघत होता. कपाळाला आठी पडली की तो धोतराचा सोगा मुठीत धरायचा. मिशीखाली हसू आलं की सोडून द्यायचा. दहावीच्या निकालाला पोरगं जसं फळ्याकडे बघतं, तसा हा म्हातारा त्या माणसाकडे बघत होता.

आवाजांवरून गोष्ट कळत होती. एक मोठा जमीनदार होता. त्याची पोरगी त्याच्याच शेतावर राबणाऱ्या एका माणसाच्या पोराच्या प्रेमात पडली. ती राबणारी माणसं रंगाने वेगळी, बोलीने वेगळी. जमीनदाराने पोराला शेतावरून हाकलून दिलं. तो शिकला, शहाणा झाला, परत आला.

"बरं झालं!" सीमावहिनी म्हणाल्या. "आता बोल म्हनावं!"

"पोरगी मोप खमकी हाय," विठाबाई म्हणाल्या. "कुनाची गं ही?"

"आजी, त्या जमीनदाराचीच. कवाधरनं सांगतीय!"

अपेक्षाचा आवाज चिरकला. तिने दाराकडे पाहिलं. भिमाने मान हलवली. म्हणजे काय सांगितलं हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. धीर धर म्हणायचं होतं, पण स्वतःकडेच नसेल तर दुसऱ्याला कुठून द्यायचा?

मध्येच चहा झाला. सीमावहिनींनी भिमाचा बिनबशीचा कप नेहमीसारखा उंबऱ्यावर ठेवला. नेहमीसारखाच तो चांगला गोड होता.

मग टीव्हीत बँड वाजायला लागला. लग्न लागलं असावं, कारण सगळे खुशीत आले. एकाएकी बँड थांबला आणि खोली चिडीचूप झाली. विनोदसुद्धा बोलेनात. सीमावहिनींचे हात मटारात तसेच राहिले.

"काय झालं?" भिमाने न राहवून हळूच विचारलं.

"पोराचा बाप आलाय," अपेक्षा म्हणाली. ती टीव्हीकडे बघत नव्हती, पप्पांकडे बघत होती. "जेवणाचं मोठं टेबल मांडलंय. सगळे बसलेत. तो दारात उभा आहे, टोपी हातात धरून. आणि त्याला कुणी खुर्ची देत नाही."

"आणि त्यो हरामखोर मान खाली घालून जेवतोय!" हौसराव कडाडले. "आरं, व्याही हाय तुजा! ज्याच्या जिवावर घरात गहू आला, त्याला एक खुर्ची द्यायला काय झालं? माणूस हाय का जनावर?"

त्यांचा आवाज भरून आला होता. डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. हौसराव रडताना भिमाने आजवर पाहिले नव्हते. त्यांच्या वडिलांच्या मातीलाही नाही.

भिमाचेही डोळे भरले. खंडोबाराया, पावलास, तो मनात म्हणाला. या माणसाला कळतंय.

पिक्चर संपला. विनोद नाक शिंकरत म्हणाले, "हिंदीत आसला तरी काळजाला लागला राव." विठाबाईंनी कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हटलं, "पैसा आला की मानसं आंधळी व्हत्यात." सीमावहिनी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. भिमा दारात बसून हे सगळं ऐकत होता.

अपेक्षा उठून पप्पांसमोर उभी राहिली.

"पप्पा, मला शंभूशी लग्न करायचंय."

"कुठला शंभू?" हौसरावांनी डोळे पुसत विचारलं.

तिने दाराकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच दाराकडे पाहिलं. भिमा घाईघाईने उठून उभा राहिला. डोक्यावरचा पटका त्याने का काढला हे त्याला कळलं नाही, पण तो आता त्याच्या हातात होता.

हौसराव बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. ओरडतील, असं सगळ्यांनाच वाटलं. पण ते ओरडले नाहीत. तो गोरा जमीनदार अजून त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नसावा.

"सीमा, आतली खुर्ची आण," ते म्हणाले.

आतली खुर्ची म्हणजे सागवानी, हातांची. आमदार-बिमदार आले की निघणारी. वहिनींनी ती आणून सोफ्यासमोर ठेवली.

"ये भिमा. बस."

"आप्पा, माझं पाय धुळीचं..."

"बस म्हन्तोय ना! माझ्या घरात माणसाला मान हाय. मी काय त्या पिक्चरातला गोरा न्हाई."

भिमा उंबरा ओलांडून आत आला आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला. पाठ टेकायची त्याची हिंमत झाली नाही. इथून टीव्ही स्वच्छ दिसत होता. पडद्यावर नावं खालून वर सरकत होती आणि त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं.

"तुजा शंभू सोन्यासारखा पोरगा हाय," हौसराव म्हणाले. "त्याला नाव ठिवायला जागा न्हाई. तुला तर न्हाईच न्हाई. आपला इतक्या वर्साचा घरोबा."

"व्हय आप्पा."

"पन सोयरिकीचं न्हाई जमायचं. भावकी हाय, पावनंरावळं हायती. उद्या माझ्या पंगतीला कोन बसंल? तू समजूतदार हायस. पोराला समजाव. रान आर्धं बसवून झालंय, त्ये पुरं कर. धान्य ठरल्यापरमानं घिऊन जा. त्यात काय फरक न्हाई." मग त्यांना काहीतरी कमी पडल्यासारखं वाटलं असावं. "सीमा, च्या टाक. भिमाला कपबशीत आन."

इतकं मायेनं कुणी आजवर भिमाला 'नाही' म्हटलं नव्हतं. शिवी दिली असती तर ती तिथंच टाकून येता आली असती. आता या मानाचं काय करायचं? तो पटका हातात चुरगाळत बसून राहिला.

"अपेक्षा, ऊठ तिथून!" हौसराव एकदम म्हणाले.

भिमाने वळून पाहिलं. अपेक्षा उंबऱ्याबाहेर गेली होती आणि त्याच्या घोंगडीवर मांडी घालून बसली होती. ऊन आता फरशीवर आलं होतं आणि तिच्या तोंडावर पडलं होतं.

"अपेक्षा, आत ये!"

"हितं बरं आहे पप्पा," ती म्हणाली. "वारं लागतं."

ती हलली नाही. विठाबाई पलंगावरून म्हणाल्या, "पोरी, आगं उन्हात..."

भिमा उठला. "येतो आप्पा."

"च्या तरी घे."

"आप्पा, एक सांगू? मी पिक्चर बघितलाच न्हाई. तिथनं टीव्ही दिसत न्हाई. मी तुमालाच बघत व्हतो."

हौसरावांनी दाराकडे पाहिलं, मग टीव्हीकडे.

"लई बरं वाटलं व्हतं," भिमा म्हणाला.

तो दारात आला. चपला घातल्या, काठी घेतली आणि सवयीने घोंगडीसाठी वाकला. अपेक्षा उठायला लागली. भिमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला तसंच खाली बसवलं.

"बस पोरी," तो म्हणाला.

आजवर त्याने तिला ताई सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

अंगण ओलांडताना त्याला चुकल्यासारखं वाटत राहिलं. मिसरूड फुटल्यापासून तो कधी घोंगडीशिवाय चालला नव्हता. उजवा खांदा हलका झाला होता आणि तो हलकेपणा सोसवत नव्हता. बांधावर पोचला तोच शंभूचा फोन आला.

"आबा, काय झालं? बोला की. पिक्चर बघून रडले का ते?"

"रडले. लई रडले."

"मग?"

"खुर्ची दिली मला. सागवानी."

फोनमधून शंभूचा आनंदाने फुटलेला आवाज आला आणि भिमाने डोळे मिटले. पोराचा तो आनंद त्याने क्षणभर तसाच चालू दिला. मग म्हणाला, "न्हाई म्हनले रे."

पलीकडून मशिनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आन् अपेक्षा?" शेवटी शंभूने विचारलं.

"ती माझ्या घोंगडीवर बसलीय. दारात, उन्हात. ऊठ म्हनले तरी उठली न्हाई."

"आता काय करायचं आबा?"

"मला काय इचारतूस? तू ये. गाडी हळू चालीव."

जाळीजवळ तो आला तशा भाच्याने कोंडलेल्या मेंढ्या बुजल्या आणि एकमेकींत घुसल्या. कुत्रं उठून गुरगुरलं. बिनघोंगडीचा हा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. भिमा तिथंच थांबला, पटका पुन्हा डोक्याला बांधला आणि रोजच्यासारखी जीभ टाळूवर वाजवून त्याने त्यांना हाक घातली. हळूहळू मेंढ्यांनी माना वर केल्या. मग तो आत गेला आणि त्यांच्यामध्ये उघड्या रानावर, हौसरावांच्या ढेकळांत बसला.